जिंकणारा संघ एका महिन्यात नाहीसा कसा होतो? विनिपेग आइसची गोष्ट

माझा भाचा कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठात शिकायला गेला आणि पहिल्या सुट्टीत घरी आला तेव्हा माझ्यासाठी एक लोकरी टोपी घेऊन आला. कानांवर ओढायची, जाडजूड. पुढे शिवलेलं नाव, विनिपेग आइस. “मामा, आमच्या कॅम्पसवरच खेळतात. बाहेर उणे तीस, आत बर्फावर मॅच!” पुढची दोन वर्षं त्याचा फोन आला की अभ्यासाचं एक वाक्य आणि हॉकीची दहा वाक्यं. मीही मग पहाटे उठून स्कोअर बघायला लागलो.

२०२३ च्या मे महिन्यात हा संघ लीगची अंतिम फेरी खेळला. जूनमध्ये भाच्याचा फोन आला. “मामा, ती टोपी नीट ठेव. संघच गेला.”

गेला म्हणजे? विकला गेला. अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या वेनॅची नावाच्या गावात. नाव, रंग, हॉल, सगळं बदललं. एकूण चार हंगामांचं आयुष्य. त्यातल्या शेवटच्या दोन हंगामांत अख्ख्या लीगमध्ये साखळीत पहिला क्रमांक. तरी गाशा गुंडाळला.

आपल्याकडे रायझिंग पुणे सुपरजायंट २०१७ मध्ये अंतिम सामना एका धावेने हरला आणि नंतर तो संघ दिसलाच नाही. पण तिथे करारच दोन वर्षांचा होता. निलंबित झालेल्या दोन संघांची जागा भरायला तो आणला होता आणि मुदत सगळ्यांना ठाऊक होती. विनिपेगला अशी कुठली तारीख कोणी सांगितली नव्हती. उलट नवं स्टेडियम येतंय, असंच सांगितलं होतं. म्हणून हे कोडं जरा खोलात जाऊन सोडवायला हवं. माझी खात्री अशी झाली आहे की हा संघ बर्फावर हरला नाही. तो खुर्च्यांच्या संख्येत हरला.

ज्युनियर हॉकी म्हणजे काय?

आइस हॉकीत एका बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक बर्फावर असतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, तिला पक म्हणतात. सगळ्यात वरची व्यावसायिक लीग म्हणजे एनएचएल. तिथे पोचायच्या आधीची मोठी पायरी म्हणजे ज्युनियर हॉकी, साधारण सोळा ते वीस वर्षांच्या मुलांची.

कॅनडात या पायरीवर तीन मोठ्या लीग आहेत. ओंटारिओची एक, क्वेबेक आणि पूर्वेकडच्या प्रांतांची एक, आणि पश्चिमेची वेस्टर्न हॉकी लीग. आपली गोष्ट या पश्चिमेच्या लीगची. तेव्हा तिच्यात २२ संघ होते, मॅनिटोबापासून ब्रिटिश कोलंबियापर्यंत, आणि सीमेपलीकडे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि ओरेगॉन राज्यांतही. प्रत्येक संघ हंगामात ६८ सामने खेळतो, त्यातले ३४ घरच्या मैदानावर.

हे कॉलेजचे संघ नाहीत आणि पूर्ण व्यावसायिकही नाहीत. मुलं सकाळी शाळेत जातात, दुपारी सराव करतात आणि शुक्रवारी रात्री तिकीट काढून आलेल्या हजारो लोकांसमोर खेळतात. पगार नाही, महिन्याचा हातखर्च मिळतो. शिवाय खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे पुढच्या शिक्षणाची एका वर्षाची फी आणि पुस्तकं, काही अटींवर. मात्र तिकिटं, जाहिराती, खाण्याचे स्टॉल, मालक, खरेदी-विक्री हे सगळं व्यवसायासारखंच चालतं. मुलं विद्यार्थी आणि भोवतालचा बाजार पक्का. पुढचे सगळे प्रश्न या जोडणीतून निघतात.

संघ विकतात म्हणजे नेमकं काय विकतात?

आपण संघ म्हटलं की खेळाडू, कोच, रंग, चाहते असं सगळं डोळ्यांसमोर आणतो. लीगच्या लेखी मात्र संघ म्हणजे फ्रँचायझी, म्हणजे लीगमध्ये खेळण्याचा परवाना.

रिक्षाचं परमिट आठवा. रिक्षा जुनी झाली तर बदलता येते, चालवणारा बदलतो, पण खरी किंमत परमिटची. ते ज्याच्या नावावर, धंदा त्याचा. हॉकीतही तसंच. परवानाधारक मालक लीगच्या संमतीने तो दुसऱ्याला विकू शकतो किंवा दुसऱ्या गावी नेऊ शकतो. परवान्याबरोबर करारबद्ध खेळाडूंवरचा हक्कही जातो. चाहते तेवढे जात नाहीत, कारण ते कुठल्या कागदावर नसतात.

हे परमिट चार गावं हिंडलं

विनिपेग आइसची गोष्ट विनिपेगमध्ये सुरू होत नाही. १९९६ मध्ये एड शिनोवेथ यांनी एडमंटन आइस नावाचा संघ काढला. शिनोवेथ म्हणजे साधं नाव नव्हे. दोन दशकांहून अधिक काळ याच लीगचे ते अध्यक्ष होते आणि आज लीगच्या विजेत्याला मिळणारा चषक त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

पण एडमंटन म्हणजे एनएचएलमधल्या ऑइलर्सचं शहर. आइसचे सामने व्हायचे ॲग्रिकॉम नावाच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये. दोन हंगामांतच शिनोवेथ यांनी बाडबिस्तरा उचलला आणि १९९८ मध्ये संघ क्रॅनब्रूकला नेला.

क्रॅनब्रूक हे ब्रिटिश कोलंबियाच्या आग्नेय कोपऱ्यातलं, डोंगरांत वसलेलं वीसेक हजार वस्तीचं गाव. भागाच्या नावावरून संघाचं नाव कूटनी आइस झालं. हॉकीच्या इतिहासात या गावाचं नाव त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठं आहे. एनएचएल गाजवलेल्या स्टीव्ह आयझरमनचा जन्म इथला, तिथेच नाव काढलेले स्कॉट आणि रॉब नीडरमायर हे भाऊ इथेच वाढले. त्या गावाने या संघाला २१ हंगाम सांभाळलं. २०००, २००२ आणि २०११ मध्ये संघाने लीग जिंकली. २००२ मध्ये तर मेमोरियल कपही जिंकला. तिन्ही लीगचे विजेते आणि एक यजमान संघ यांच्यात होणारी ही राष्ट्रीय स्पर्धा, ज्युनियर हॉकीतला सर्वोच्च मान. ग्वेल्फला झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी व्हिक्टोरियाव्हिलला ६-३ ने हरवलं होतं. २०११ च्या विजेत्या संघाचे कोच होते क्रिस नॉब्लॉक, ज्यांनी पुढे एडमंटन ऑइलर्सला २०२४ आणि २०२५ मध्ये लागोपाठ स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या, अंतिम फेरीत नेलं.

दोन वर्षांत एडमंटनमधून उठलेला संघ वीस हजारांच्या गावात २१ वर्षं राहिला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग उतार लागला. संघ सलग चार हंगाम बाद फेरीच्या बाहेर राहिला आणि प्रेक्षक रोडावले. २०१७ मध्ये शिनोवेथ कुटुंबाने संघ ग्रेग फेटिस आणि मॅट कॉकेल या विनिपेगच्या दोघांना विकला. मालक विनिपेगचे म्हटल्यावर गावात कुजबुज सुरू झाली नसती तरच नवल. २०१९ च्या जानेवारीत, हंगाम चालू असतानाच, जाहीर झालं की संघ विनिपेगला जाणार. पुढचा दीडेक महिना क्रॅनब्रूकच्या लोकांनी जाणाऱ्या संघाचे सामने पाहिले. आपल्या गावच्या पोरांसाठी टाळ्या वाजवायच्या आणि ती पुढच्या वर्षी दुसऱ्याची होणार हे माहीत असायचं. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त टोचतो तो हा दीड महिना.

विनिपेगमध्ये काय ठरलं होतं?

योजना कागदावर चांगली दिसत होती. विनिपेग हे साडेसात लाख वस्तीचं, हॉकीवर जीव टाकणारं शहर. या लीगचा संघ तिथे १९८४ नंतर नव्हता. तेव्हा विनिपेग वॉरियर्स उठून मूस जॉला गेला होता. शहराच्या नैऋत्य वेशीवर, मॅकडोनल्ड नावाच्या ग्रामीण पालिकेच्या हद्दीत, सुमारे साडेचार हजार खुर्च्यांचं नवं स्टेडियम बांधायचं ठरलं. ते होईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून मॅनिटोबा विद्यापीठातलं वेन फ्लेमिंग अरीना. क्षमता साधारण सोळाशे.

माझ्या भाच्याने पाहिलेलं ते हेच. तो सांगतो, इतक्या लहान जागेत मॅच बघणं म्हणजे अंगावर बघणं. खेळाडू कडेला आदळला की समोरची काच थरथरायची आणि तिला टेकवलेला आपला हात बधिर व्हायचा. पक लाकडी कडेवर बसला की बंदुकीसारखा आवाज. चकती समोरून गेली की बर्फाचा भुगा काचेवर उडायचा. तिसऱ्या रांगेतून कोचने मारलेली हाक ऐकू यायची. मोठ्या स्टेडियममध्ये यातलं काही मिळत नाही, असं तो म्हणतो, आणि त्याचं खरंच असणार.

पण वेळेने साथ दिली नाही. पहिला हंगाम २०१९-२० चा, तो कोरोनामुळे मार्चमध्ये अर्धवट थांबला आणि बाद फेरी रद्द झाली. दुसऱ्या हंगामात फक्त २४ सामने, तेही सगळे रेजायना शहरात, आजूबाजूचे संघ एकत्र ठेवून, प्रेक्षकांविना. म्हणजे चारपैकी एक हंगाम मोडलेला आणि एक हंगाम घरच्या प्रेक्षकाने पाहिलाच नाही. विनिपेगकरांच्या वाट्याला पूर्ण असे हंगाम आले दोनच.

आणि साडेचार हजारांचं ते स्टेडियम उभं राहिलंच नाही.

हॉल भरत असेल तर अडचण काय?

नाटकाच्या धंद्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तीनशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात हाऊसफुल्लचा फलक लागला म्हणून निर्माता तरत नाही. कलाकारांची नाइट, बस, सेट, जाहिरात यांचा खर्च हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात असतो तेवढाच इथेही असतो. खर्च खुर्च्या मोजून येत नाही, उत्पन्न मात्र खुर्च्या मोजूनच येतं.

हॉकीचं गणित मांडून बघू. घरचे सामने ३४. सोळाशेचा हॉल प्रत्येक वेळी खच्चून भरला तरी हंगामाची तिकिटं जास्तीत जास्त ५४,४००. साडेचार हजारांचा हॉल असता तर हीच मर्यादा १,५३,००० वर गेली असती. तो पाऊणच भरला तरी एक लाख चौदा हजारांच्या वर तिकिटं, म्हणजे सोळाशेच्या हाऊसफुल्लच्या दुपटीहून जास्त. शिवाय मोठ्या हॉलमध्ये कंपन्यांसाठी महागडे कक्ष असतात, खाण्याचे स्टॉल असतात, फलक लावायला जागा असते. ज्युनियर हॉकीत टीव्हीच्या हक्कांचे डोंगराएवढे पैसे येत नाहीत. आयपीएलचा संघ रिकाम्या मैदानात खेळूनही तग धरू शकतो, हा धरू शकत नाही. इथे दारात तिकीट फाडलं जातं तेव्हाच पैसा येतो.

खर्चाकडे पाहा. उपकरणं, कोच, वैद्यकीय मदत, मुलांच्या राहण्याची सोय आणि बस. बसचा खर्च इथे भयंकर. विनिपेगला सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी ब्रँडन, दोनशेहून जास्त किलोमीटरवर. त्यानंतरचं रेजायना साडेपाचशेच्या पुढे. २०२३ च्या अंतिम फेरीचा प्रतिस्पर्धी सिॲटल तर दोन हजार किलोमीटरहून लांब. हा खर्च हॉल लहान आहे म्हणून कमी होत नाही.

“पण संघ तर इतका चांगला होता!”

होताच. २०२१-२२ मध्ये ६८ सामन्यांत ५३ विजय आणि १११ गुण. २०२२-२३ मध्ये ५७ विजय आणि ११५ गुण. दोन्ही वर्षी साखळीत लीगमध्ये अव्वल. पहिल्या वर्षी विभागाच्या अंतिम फेरीत एडमंटन ऑइल किंग्जकडून हरले, दुसऱ्या वर्षी लीगच्या अंतिम फेरीच्या मालिकेत सिॲटल थंडरबर्ड्सकडून ४-१ ने. कोच जेम्स पॅट्रिक स्वतः विनिपेगचे, एनएचएलमध्ये १,२८० सामने खेळलेले.

मग एवढ्या चांगल्या संघाला कोणी कसं सोडतं? इथे ज्युनियर हॉकीची एक खासियत समजून घ्यावी लागते. कॉलेजच्या एकांकिकेच्या टीमसारखी ती बॅचवर चालते. एखादी बॅच अशी जमते की सगळे करंडक घेऊन येते. ती बॅच पास झाली की नवी पोरं, पुन्हा शून्यातून तालीम. विसाव्या वर्षानंतर मुलगा ज्युनियरमध्ये राहूच शकत नाही, आणि खरोखर चांगला असेल तर त्याआधीच एनएचएल त्याला उचलते. त्यामुळे कुठलाही संघ दोन-तीन वर्षं वर, मग दोन-तीन वर्षं खाली असतो. आंब्याला जसा एक वर्ष बहर आणि एक वर्ष विश्रांती, तसंच.

विनिपेगचा बहर कसा आला तेही बघा. क्रॅनब्रूकमधल्या त्या शेवटच्या वाईट हंगामानंतर २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या वाटपात, पहिली आणि दुसरी अशा दोन्ही निवडी या संघाकडे होत्या. पहिल्या क्रमांकावर मॅथ्यू सॅव्हॉय, दुसऱ्यावर मॅनिटोबाचाच कॉनर गीकी. पुढच्या वर्षी झॅक बेन्सन मिळाला. हे तिघेही नंतर एनएचएलच्या पहिल्याच फेरीत निवडले गेले. सॅव्हॉय आणि गीकी २०२२ मध्ये नवव्या आणि अकराव्या क्रमांकावर, बेन्सन २०२३ मध्ये तेराव्या. सुगी अशी होती. पण २०२३ च्या मेमध्ये बर्फावर उभी असलेली बॅच फुटणार हे सगळ्यांना दिसत होतं. विकत घेणारा माणूस गेल्या दोन वर्षांच्या गुणांचे पैसे देत नाही, पुढच्या वीस वर्षांच्या खुर्च्यांचे देतो.

एक खंत मात्र राहते. पहिल्या दोन वर्षांत बाद फेरी झाली असती, शहराला वेळेवर वेड लागलं असतं, तर स्टेडियमच्या बाजूने लोकांचा रेटा उभा राहिला असता असं मला वाटतं.

“जेट्सच्या स्टेडियममध्ये का नाही खेळले?”

विनिपेगच्या मध्यवस्तीत पंधरा हजारांवर क्षमतेचं कॅनडा लाइफ सेंटर आहे. मग तिथेच का नाही, असं मीही भाच्याला विचारलं होतं. त्या जागेत एनएचएलचे जेट्स खेळतात आणि त्यांच्याच मालकीचा दुय्यम संघ मॅनिटोबा मूससुद्धा. दोन संघांच्या तारखा, वर गाण्यांचे कार्यक्रम. शिवाय पंधरा हजारांच्या हॉलमध्ये अडीच हजार माणसं बसली की हॉल ओका ओका वाटतो, आणि भाडं मात्र पूर्ण हॉलचं.

एनएचएलच्या शहरात ज्युनियर संघ टिकतच नाही, असं नाही. कॅलगरी हिटमेन आणि एडमंटन ऑइल किंग्ज टिकून आहेत. पण त्यांचे मालक तिथलेच एनएचएल संघ आहेत. घरचंच पोर, घरातच राहतं, भाडं एका खिशातून दुसऱ्या खिशात. व्हँकूव्हर जायंट्स हा स्वतंत्र मालकीचा संघही २००१ पासून आहे, पण २०१६ मध्ये तो मोठं कोलिसियम सोडून लँग्लीतल्या लहान हॉलमध्ये गेला. आइसला यातलं काहीच मिळालं नाही. जेट्सचं घर आपलं नाही, आणि आपलं घर बांधून झालेलं नाही.

एडमंटन आठवतंय? एकाच परमिटाची हीच गत एनएचएलच्या शहरात दोनदा झाली. मोठ्या शहरात माणसं जास्त असतात हे खरं, पण त्यांची संध्याकाळ विकत घ्यायला बसलेलेही तितकेच जास्त असतात. क्रॅनब्रूकमध्ये शुक्रवारी रात्री गावात दुसरं काही नसतं. हा लहान गावाचा कमीपणा नाही, तीच त्याची ताकद आहे.

मुलांना कोणी विचारतं का?

नाही, आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच.

घरापासून शेकडो किलोमीटरवर आलेला सोळा वर्षांचा मुलगा राहतो कुठे? गावातल्या एखाद्या कुटुंबात. अशा घराला तिकडे बिलेट म्हणतात. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, त्याची आठवण करून देणारी ही रीत आहे, फरक इतकाच की इथे एकच घर सगळे दिवस सांभाळतं आणि संघ त्या घराला महिन्याला काही रक्कम देतो. ती रक्कम भुकेल्या हॉकीपटूच्या किराण्याला पुरते की नाही, हा प्रश्न कुठलीही आई सोडवू शकेल. घरातली लहान मुलं या दादाच्या मागे मागे असतात. तो पहिला गोल करतो तेव्हा त्याचे आईवडील हजार किलोमीटरवर मोबाईलवर पाहत असतात आणि बिलेटची आई हॉलमध्ये उभी राहून ओरडत असते.

संघ हलतो तेव्हा ही घरं एका झटक्यात तुटतात. मुलाला पर्याय जवळजवळ नसतो. त्याच्यावरचा हक्क परवान्याबरोबर जातो. एनएचएलने निवडलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगासुद्धा तेव्हाच्या नियमांनुसार एक तर थेट एनएचएलमध्ये खेळे, नाही तर आपल्या ज्युनियर संघाकडे परत येई. मधली व्यावसायिक लीग त्याला बंद होती. म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यात विनिपेगची मुलं कागदावर वेनॅचीची झाली.

“मग कॉलेजकडून खेळावं ना,” असं कोणी म्हणेल. अमेरिकेतलं विद्यापीठ हॉकी हा दुसरा रस्ता होताच. पण त्या काळी तिथला नियम असा होता की कॅनडाच्या या तीन लीगमध्ये खेळलेला मुलगा व्यावसायिक समजला जाई आणि विद्यापीठाचं दार त्याला बंद होई. सॅव्हॉयचं आधी डेन्व्हर विद्यापीठाशी ठरलं होतं. त्याने विनिपेग निवडलं आणि तो रस्ता मिटला. असा निर्णय ज्या वयात घ्यावा लागतो, त्या वयात आपल्याकडची मुलं अकरावीला सायन्स की कॉमर्स यावर अडलेली असतात. हा नियम २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ज्युनियर खेळलेल्यांनाही अमेरिकी विद्यापीठांकडून खेळता येऊ लागलं. विनिपेगच्या मुलांना त्याचा उपयोग नव्हता, पण आज एखादा संघ असा हलला तर मुलाच्या हातात निदान एक पत्ता राहतो. हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

“खुर्च्याच महत्त्वाच्या, तर प्रत्येक गाव स्टेडियम का बांधत नाही?”

कारण स्टेडियम बांधणं सोपं आणि फेडणं अवघड. आइस जिथे गेलं त्या वेनॅचीचंच बघा. सफरचंदांच्या बागांचं हे लहान शहर. तिथलं टाउन टोयोटा सेंटर हॉकीसाठी चार हजारांवर माणसं घेतं, आणि ते आधीच उभं होतं. विनिपेगला जे बांधायचं होतं ते तिथे तयार मिळालं. पण हाच हॉल चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेने २०११ च्या डिसेंबरमध्ये सुमारे ४ कोटी डॉलरचं कर्ज थकवलं होतं. बांधलेली भिंत दिसते, तिच्यामागचं कर्ज करदात्याला दिसतं.

आणखी एक रस्ता आहे, आणि मराठी वाचकाला तो लगेच कळेल. या लीगमध्ये काही संघ कुणा एका मालकाचे नाहीत, गावाचे आहेत. मूस जॉ, स्विफ्ट करंट, प्रिन्स अल्बर्ट, लेथब्रिज. आपल्या सहकारी संस्थेसारखं संचालक मंडळ असतं आणि नफा कुणाच्या खिशात जात नाही. अशा संघाच्याही अडचणी असतात, भांडणं असतात, तोट्याची वर्षं असतात. पण एका माणसाने सही करून तो दुसऱ्या देशात नेला, असं होत नाही. तेहेतीस हजारांच्या आसपास वस्तीच्या मूस जॉने बरीच वादावादी करून, जनमत घेऊन, २०११ मध्ये साडेचार हजारांच्या घरातला नवा हॉल उघडला. विनिपेगला हवा होता नेमका तेवढा.

पुढे कोण कुठे गेलं?

क्रॅनब्रूकचा हॉल फार दिवस रिकामा राहिला नाही. २०२० मध्ये तिथे क्रॅनब्रूक बक्स नावाचा नवा संघ आला, प्रांताच्या दुसऱ्या, वेगळ्या ज्युनियर लीगचा. मुलं त्याच वयाची, गावाला पुन्हा शुक्रवार मिळाला. जुन्या संघाच्या बदल्यात हे पुरेसं आहे का, ते तिथल्या लोकांनी ठरवायचं.

वेनॅचीत याच दुसऱ्या लीगमधला वाइल्ड नावाचा संघ आधीपासून होता. त्याचे मालक डेव्हिड व्हाइट यांनीच आइस विकत घेतला. जुना संघ बंद झाला, वाइल्ड हे नाव मात्र तेच राहिलं आणि मोठ्या लीगमध्ये गेलं. बेन्सन तिथे राहिलाच नाही, अठराव्या वर्षी तो थेट बफेलोकडून एनएचएलमध्ये खेळू लागला. नव्या मालकाला पुढची बॅच उभी करायची होती, म्हणून २०२३-२४ च्या हंगामाच्या मध्यावर गीकी स्विफ्ट करंटकडे गेला आणि सॅव्हॉय मूस जॉकडे. बहराच्या शेवटी फळं विकून नवी कलमं घ्यावीत, तसं.

२०२४ च्या मे महिन्यात मूस जॉ वॉरियर्सने लीग जिंकली. १९८४ मध्ये विनिपेगहून उठून आलेला तोच संघ, चाळीस वर्षांतलं त्याचं पहिलं अजिंक्यपद. मी पहाटे उठून पाहत होतो. सॅव्हॉयच्या हातात चषक आला तेव्हा भाच्याचा मेसेज आला. “मामा, आमचाच आहे तो.” चषकावर नाव होतं एड शिनोवेथ यांचं.